पित्ताचे खडे कुणाच्या माथी?

पित्ताशयातील खड्यांचा धडा शिकवताना वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून आजही एक यादी पाठ करून घेतली जाते : फॅट, फीमेल, फॉर्टी, फर्टाइल, फेअर. म्हणजे लठ्ठ, बाई, चाळिशीची, लेकुरवाळी आणि गोरी. उत्तर युरोपातील रुग्णांकडे पाहून तयार झालेली ही यादी मुंबई-पुण्याच्या वॉर्डातही जशीच्या तशी वापरली गेली. तिच्यातील ‘गोरी’ ही अट इथे निरर्थक आहे, याची फारशी कुणी दखल घेतली नाही. लठ्ठपणाची नोंद मात्र खरी आहे. गेल्या साठ वर्षांच्या संशोधनाने तिला भक्कम आधार दिला आहे. तरीही ती ज्या अर्थाने सांगितली जाते त्या अर्थाने खरी नाही, असे माझे म्हणणे आहे. यादीने एका विशिष्ट दिसण्याच्या माणसाचे चित्र रंगवले आणि संशोधनाला सापडली ती यकृतातील एक प्रक्रिया. चित्र आधी आले, पुरावा नंतर आला आणि पुरावा हाती आल्यावरही चित्र पुसले गेले नाही. त्यामुळे दोन प्रकारचे रुग्ण सतत नजरेतून सुटत आले. एक म्हणजे बांध्याने सडपातळ असलेले आणि दुसरे म्हणजे झपाट्याने वजन उतरवत असलेले.

पित्ताचा खडा माणसाला ठाऊक झाला तो फार उशिरा. सुश्रुताने अश्मरीचे, म्हणजे शरीरातील खड्याचे, चार प्रकार सांगितले आणि ती काढण्याची शस्त्रक्रियाही वर्णन केली, पण ती सगळी मूत्राशयाची अश्मरी. त्यातील पित्तज प्रकारसुद्धा मूत्राशयातलाच आहे. चरकाने अतिस्थूल माणसाचे आठ दोष मोजले : आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता, दुर्गंधी, घाम, अति भूक, अति तहान, मैथुनातील कष्ट. त्यात पोटातील खड्याचा उल्लेख नाही. हा काही त्यांच्या निरीक्षणातील उणेपणा नव्हे. पित्ताशयातील बहुतेक खडे जन्मभर मुकाट राहतात आणि दुखले तरी त्यांची कळ पोटाच्या इतर दुखण्यांत मिसळून जाते. शरीर उघडून पाहिल्याशिवाय ते तेव्हा दिसत नसत. गुरांच्या पित्ताशयातला खडा आपल्याकडे गोरोचन म्हणून पूजेत आणि औषधात होता. माणसाच्या पोटातही तसेच काही असते हे कळायला शवविच्छेदनाची वाट पाहावी लागली. पादुआ येथे 1341 मध्ये जेंतिले दा फोलिन्यो यांना एका प्रेताच्या पित्ताशयात खडा सापडल्याची नोंद आहे. फ्लोरेन्सच्या अंतोनियो बेनिव्हिएनी यांची अशीच निरीक्षणे त्यांच्या मृत्यूनंतर 1507 मध्ये छापली गेली. 1761 मध्ये मोर्गान्यी यांनी शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे आजारांची स्थाने सांगणारा ग्रंथ लिहिला, त्यातही हे खडे आहेत.

पुढे काय व्हायला हवे होते ते आज स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूल्तिए द ला साल या फ्रेंच माणसाने पित्ताच्या खड्यांतून एक चमकदार, मेणचट पदार्थ वेगळा काढला. 1815 च्या सुमारास शेव्रल यांनी त्याला नाव दिले, आणि त्यावरूनच आपण आज कोलेस्टेरॉल म्हणतो. आज हृदयविकाराशी जोडला गेलेला हा पदार्थ मुळात पित्ताच्या खड्यात सापडला होता. म्हणजे खडा कशाचा बनतो हे कळले होते. तो पदार्थ पित्तात येतो कुठून आणि कुणाच्या पित्तात जास्त येतो, एवढे विचारायचे राहिले होते. एकोणिसाव्या शतकाने तो प्रश्न बाजूला ठेवला. बर्नहार्ड नाउनीन यांचा 1892 चा ग्रंथ त्या काळचा शेवटचा शब्द मानला जाई. त्यांच्या मते खडे होतात ते पित्त साचून राहिल्यामुळे आणि पित्ताच्या पिशवीला जंतूंचा दाह झाल्यामुळे. मग पित्त साचते का? बैठ्या सवयी, बाळंतपणे आणि कमरेला आवळून बांधलेला कॉर्सेट, अशी उत्तरे जर्मन आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून दिली गेली. बाईचा पोशाख, बाईचे आळसावलेले जीवन, बाईचे भरलेले अंग हे सारे एकाच दोषारोपात गोळा झाले. बाळंतपणाचा भाग त्यात बरोबर होता. गरोदरपणी वाढणारी संप्रेरके पित्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात आणि पिशवीचे आकुंचन मंदावतात, हे नंतर सिद्ध झाले. पण त्या काळी ते संप्रेरकांचे म्हणून कुणी सांगत नव्हते. ते राहणीचे म्हणून सांगितले जाई, आणि आजार राहणीचा ठरला की डॉक्टर रुग्णाला प्रश्न विचारण्याऐवजी उपदेश करू लागतो.

चित्राला छेद देणारे उदाहरण समोर होतेच. 15 जुलै 1882 रोजी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी जगात पहिल्यांदा माणसाची पित्ताची पिशवी काढली. तो रुग्ण 43 वर्षांचा पुरुष होता. अनेक वर्षांच्या वेदनांनी तो खंगला होता, मॉर्फिनच्या आहारी गेला होता. त्यापूर्वी शल्यविशारद पिशवी उघडून खडे काढत आणि ती पुन्हा शिवत. लांगेनबुख यांचा युक्तिवाद असा की, पिशवीत खडे आहेत म्हणून ती काढायची नाही, ती खडे घडवते म्हणून काढायची. उपचार म्हणून हा विचार अचूक निघाला आणि आजही तोच चालतो. कारण म्हणून मात्र तो अपुरा होता. दोष पिशवीत आहे असे एकदा ठरल्यावर पिशवीत पित्त पाठवणाऱ्या यकृताकडे पाहण्याची गरज पुढची ऐंशी-नव्वद वर्षे फारशी कुणाला वाटली नाही. 1909 मध्ये अशॉफ आणि बाकमाइस्टर यांनी शुद्ध कोलेस्टेरॉलचा खडा जंतूंशिवायही होऊ शकतो, तो चयापचयाचा प्रश्न आहे, असे मांडले. त्यांचे म्हणणे ऐकले गेले, पण त्याचा पाठपुरावा करण्याची साधने तेव्हा नव्हती.

लठ्ठ माणसांना खडे जास्त होतात, हे डॉक्टर अनुभवाने सांगत होते. हा अनुभव पुरावा म्हणून का चालत नाही, ते नीट समजून घ्यायला हवे. खडे दिसत ते दोनच ठिकाणी, शवागारात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर. दोन्हीकडे येणारी माणसे समाजाचा नमुना नसतात. ज्याच्या बाबतीत खड्याचा संशय येतो त्याचीच तपासणी होते आणि संशय यादीवरून येतो. म्हणजे लठ्ठ चाळिशीच्या बाईच्या पोटात खडा शोधला जाई आणि सापडे. सडपातळ पुरुषाला अपचनाचे चूर्ण मिळे आणि त्याचा खडा मोजणीत येतच नसे. 1924 मध्ये ग्रॅहम आणि कोल यांनी क्ष-किरणांत पित्ताशय दिसेल असे द्रव्य वापरून दाखवले, तेव्हा जिवंत माणसात खडा पाहणे शक्य झाले. सरसकट लोकसंख्येची तपासणी करण्याइतके सोपे ते झाले सोनोग्राफी आल्यावर. दरम्यान अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात 1948 पासून पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी सुरू होती. ती हृदयविकारासाठी होती, पण 1966 मध्ये तिच्यातूनच पित्ताशयाच्या आजाराचा अहवाल आला. वजन आधी नोंदलेले, आजार नंतर झालेला, असा क्रम इथे मिळाला. वजन जास्त असलेल्यांत हा आजार अधिक आढळला. डॉक्टरांच्या अनुभवाला हा पहिला भक्कम आधार.

यानंतरचा पुरावा म्हणून ज्या समाजाचे नाव हमखास घेतले जाते तो म्हणजे ॲरिझोनातील पिमा. ते स्वतःला अकिमेल ओ’ओधम म्हणवतात. हीला नदीच्या पाण्यावर कालवे काढून पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा हा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ते पाणी वळवून घेतले, शेती बुडाली आणि दुष्काळ आला. पुढे सरकारी शिध्यातील मैदा, साखर आणि चरबी यांवर त्यांना जगावे लागले. 1965 पासून अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने त्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी होते. 1970 मध्ये पित्ताशयाचे आकडे आले : 25 ते 34 या वयाच्या पिमा स्त्रियांपैकी 70 टक्क्यांहून अधिक जणींना हा आजार होता. चाळिशीची वाट पाहायची गरजच उरली नव्हती. हा आकडा पुष्कळ ठिकाणी लठ्ठपणाचा परिणाम म्हणून छापला जातो. मला हा वापर अन्यायाचा वाटतो आणि शास्त्रीयदृष्ट्याही सैल वाटतो. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिमा मुलामुलींचे पित्त वयात येतानाच कोलेस्टेरॉलने दाट होऊ लागते आणि मुलींमध्ये ते अधिक होते, असे दिसले. म्हणजे अनुवंशाचा आणि स्त्री-संप्रेरकांचा वाटा इथे फार मोठा आहे. मेक्सिकोच्या डोंगरात राहणारे आणि अजून अंगमेहनतीची शेती करणारे पिमा ॲरिझोनातल्या आपल्या भाऊबंदांइतके लठ्ठ नाहीत, हेही नंतर नोंदले गेले. ज्यांचे पाणी काढून घेतले त्यांच्या वजनाचा दोष त्यांच्याच पदरात घालायचा आणि त्यांना पाठ्यपुस्तकातला नमुना करायचे, हे बरे नव्हे. पिमांच्या उदाहरणावरून एवढेच म्हणता येते की, मूळची प्रवृत्ती बलवान असेल तर बदललेल्या अन्नाने आणि वाढलेल्या वजनाने आजार लवकर आणि जास्त जणांना गाठतो.

खरी उकल झाली ती रसायनशास्त्रात. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तातील क्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात म्हणून ते द्रवरूपात राहते. 1968 मध्ये अ‍ॅडमिरँड आणि स्मॉल यांनी या तिघांचे प्रमाण एका त्रिकोणी आलेखावर मांडले आणि कुठल्या मर्यादेपलीकडे कोलेस्टेरॉलचे स्फटिक पडू लागतात ते दाखवले. साखरेचा पाक मर्यादेपलीकडे घट्ट झाला की त्यात कणी धरू लागते, तसाच हा प्रकार. पाठोपाठ असेही सिद्ध झाले की, रुग्णाचे पित्त पिशवीत जाऊन कोलेस्टेरॉलने दाट होत नाही, यकृतातून निघतानाच ते तसे असते. लांगेनबुख यांनी पिशवीवर ठेवलेला दोष इथे यकृताकडे सरकला. आणि लठ्ठपणाचा या यकृताशी संबंध काय? शरीरात जादा चरबीच्या दर किलोमागे रोज सुमारे 20 मिलिग्रॅम जास्त कोलेस्टेरॉल तयार होते, असे 1973 मधील मोजमाप सांगते. हे जादा कोलेस्टेरॉल शरीराबाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग पित्ताचाच. 1975 मध्ये बेनियन आणि ग्रंडी यांनी लठ्ठ व्यक्तींचे पित्त तपासले आणि ते कोलेस्टेरॉलने अतिसंपृक्त असल्याचे दाखवले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. या व्यक्तींचे खाणे कमी करून वजन उतरवले जात असताना पित्त सुधारले नाही, ते आणखी बिघडले. वजन खाली येऊन स्थिर झाल्यावर मग ते सुधारले. या एका निबंधात सगळा विषय आला आहे असे मला वाटते. कारण लठ्ठपणाकडे राहणीचा दोष म्हणून पाहणाऱ्याला हा निष्कर्ष कोड्यात टाकणारा आहे : खाणे कमी केल्यावर शिक्षा वाढते कशी? यकृताचा हिशेब पाहणाऱ्याला त्यात कोडे नाही. चरबी वितळते तेव्हा तिच्यात साठलेले कोलेस्टेरॉल मोकळे होते आणि ते त्याच वाटेने बाहेर पडते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. लठ्ठ व्यक्तींत खडे जास्त आढळतात, त्यांचे पित्तही वेगळे असते, पण यावरून वजन हेच कारण असे कसे म्हणावे? त्यांचा आहार वेगळा असेल, बाळंतपणे जास्त असतील, मधुमेह असेल. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत नव्वद हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये या गोष्टींचा हिशेब धरूनही संबंध टिकला. 1992 च्या अहवालात बॉडी मास इंडेक्स 45 च्या वर असलेल्यांना 24 च्या खाली असलेल्यांपेक्षा सातपट धोका दिसला. हिशेबातून निसटलेले एखादे कारण तरीही मागे असू शकते, हे मान्य करायला हवे. त्याचे उत्तर 2013 मध्ये कोपनहेगनहून आले. वजन किंचित वाढवणारी काही जनुके माणसाला जन्मतःच चिठ्ठ्या टाकल्यासारखी मिळतात. ती मिळण्याशी त्याच्या शिक्षणाचा, संयमाचा किंवा पैशाचा संबंध नसतो. 77 हजारांहून अधिक डॅनिश लोकांमध्ये ज्यांना अशी जनुके जास्त मिळाली होती त्यांना खड्यांचा त्रासही जास्त झाला. वजन हे कारण आहे, हा निष्कर्ष यामुळे मला टाळता येत नाही. लक्षात घ्यायचे ते असे की, हा सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो माणसाच्या इच्छेबाहेरच्या वजनातून.

वजन घटवण्याच्या प्रश्नाकडे परत यायला हवे, कारण आज तो घरोघरी आहे. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाला साधारण पाचशे कॅलरींवर ठेवलेल्या 51 लठ्ठ व्यक्तींपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला आठ आठवड्यांत नवे खडे झाले. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांत, औषध न देता केवळ पाहणी केली तेव्हा, सहा महिन्यांत साधारण एक-तृतीयांश लोकांना खडे झाले. 1995 च्या चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल हे औषध दिल्यावर हे प्रमाण 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आले. आहारातून तेल-तूप पूर्ण बंद करण्याचाही यात वाटा आहे. स्निग्ध पदार्थ पोटात गेल्याशिवाय पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही आणि दाट झालेले पित्त तिथेच पडून राहते. नाउनीन यांचा साचण्याचा मुद्दा असा वेगळ्या वाटेने खरा ठरला. आता वजन उतरवणारी इंजेक्शने आली आहेत. त्या गटातील औषधांच्या 76 चाचण्यांचा 2022 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा पित्ताशयाच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या, आणि वजन घटवण्यासाठी औषध दिलेल्यांत त्या अधिक होत्या. मग लठ्ठच राहावे काय, असे कुणी विचारेल. मुळीच नाही. वजन कमी होऊन टिकले की पित्त सुधारते, हे 1975 पासून माहीत आहे. धोका आहे तो वेगात आणि वजन पुन्हापुन्हा उतरवून चढवण्यात.

भारताच्या संदर्भात यादीची सदोषता सर्वांत ठळक दिसते. 1968 मध्ये एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे कामगारांची नोंद तपासली आणि पित्ताचे खडे दक्षिणेपेक्षा उत्तरेत सातपट असल्याचे दाखवले. दक्षिणेत सापडणारे खडे बहुधा काळे, रंगद्रव्याचे असतात. त्यांचा कोलेस्टेरॉलशी आणि म्हणून लठ्ठपणाशी फारसा संबंध नाही. गोरोचनही मुख्यतः रंगद्रव्याचेच. तेव्हा ‘खडे म्हणजे लठ्ठपणा’ हे समीकरण आपल्या देशात मुळातच अर्धे होते. दुसरा मुद्दा कोलेस्टेरॉलचे खडे असलेल्या सडपातळ रुग्णांचा. त्यांच्याकडे बोट दाखवून लठ्ठपणाचा संबंधच नाकारणारेही आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात आणि यकृताभोवती चरबी असू शकते. परिचारिकांच्या पाहणीतही कंबरेचा घेर वजनापासून स्वतंत्रपणे धोका सांगतो असे आढळले. म्हणजे सडपातळ रुग्ण हा सिद्धान्ताला अपवाद असेलच असे नाही. पुष्कळदा तो आपल्या डोळ्यांना न दिसलेला पुरावा असतो.

आज शस्त्रक्रिया वाढल्या म्हणून खडे वाढले, असे सरळ म्हणता येणार नाही. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उदवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढली. ऑपरेशन सोपे झाल्यावर पूर्वी जे रुग्ण दुखणे अंगावर काढत तेही टेबलावर आले. वजन मात्र खरोखर वाढले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 24 टक्के स्त्रिया आणि 22.9 टक्के पुरुष वाजवीपेक्षा जास्त वजनाचे होते. त्यातले पुष्कळजण आता वजन उतरवण्याच्या मागे लागतील आणि लागावेच. त्यांना माझी विनंती आहे की, काही आठवड्यांत पंधरा-वीस किलो उतरवण्याचे आश्वासन देणाऱ्याच्या हाती जाण्याआधी किंवा इंजेक्शन अथवा शस्त्रक्रिया ठरवण्याआधी डॉक्टरांना पित्ताशयाबद्दल स्पष्ट विचारा. आणि डॉक्टरांनाही विनंती आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीकडे जाणारी कळ घेऊन एखादा बारीक तरुण समोर आला, तर तो यादीत बसत नाही म्हणून त्याला ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवू नका, त्याची सोनोग्राफी करा.